पावसाळ्यात रुंदावणारं शिखर: आधी पल्सर लावा

पाऊस सुरू झाला की रत्नागिरीच्या प्रयोगशाळेतल्या जर्मेनियम गॅमा डिटेक्टरात किरणोत्सारी कोबाल्ट-60 च्या 1332.5 केईव्ही (गॅमा किरणाच्या ऊर्जेचं एकक) शिखराची रुंदी 2 वरून 3 केईव्हीवर जाते, डिटेक्टरातला जर्मेनियमचा स्फटिक गेला का, असं एकाने विचारलंय. इतक्यात स्फटिकावर खापर फोडू नका. जर्मेनियम निर्वातात असतो. दमट हवा पोचते ती हाय व्होल्टेज फिल्टर आणि कनेक्टरपर्यंत.

प्रीअँपच्या (डिटेक्टरचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या सर्किटच्या) टेस्ट इनपुटला पल्सर (एकसारखे विद्युत स्पंद देणारं उपकरण) द्या. त्याचंही शिखर तितकंच फुगलं, तर गळती करंट किंवा अर्थिंग बघा. कनेक्टर अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवा, प्रीअँपच्या कप्प्यात ताजं सिलिका जेल ठेवा. (ओलावा शोषून गुलाबी झालेलं तसंच ठेवणारेही आहेत!) पल्सर ठीक आणि गॅमा शिखराला मात्र कमी ऊर्जेकडे शेपूट, तर चार्ज पुरता गोळा होत नाही. प्रवेगकाच्या बीमवर वापरलेल्या डिटेक्टरात बहुधा न्यूट्रॉनचा मार.

क्रायोस्टॅटच्या (स्फटिक निर्वातात थंड ठेवणाऱ्या भांड्याच्या) टोपीला घाम आणि द्रव नायट्रोजनही लवकर संपतोय? मग निर्वात गेला. व्होल्टेज हळूहळू शून्यावर आणा, डिटेक्टर खोलीच्या तापमानापर्यंत पूर्ण येऊ द्या, मगच पंप लावा. अर्धवट तापवून पुन्हा थंड केला तर सुटलेले वायू स्फटिकावरच बसतात.

क्लोव्हर प्रकारच्या डिटेक्टरमध्ये तर चार स्फटिक. कॉम्प्टन विकिरणाने वाटली गेलेली ऊर्जा अ‍ॅडबॅकमध्ये परत जोडतात, त्यामुळे एकाच चॅनेलचं कॅलिब्रेशन 1 केईव्हीने सरकलं तरी बेरजेचं शिखर पसरतं. म्हणून कॅलिब्रेशन तपासायला पावसाळ्यात युरोपियम-152 चा स्रोत रोज लावा, 121.8 ते 1408 केईव्ही एकाच स्रोतात मिळतं.