रहस्यकादंबरीत घराण्याचं गुपित शेवटच्या प्रकरणात फोडणं ही वाचकाची फसवणूक आहे का?

टिळकवाडीकर:
माझ्या मते फसवणूकच. खून, दोन तपास अधिकारी, जुना वाडा, चार भावंडं असं सगळं तीनशे पानं रंगवायचं आणि शेवटी म्हाताऱ्या आत्याच्या ट्रंकेतून एक पत्र काढायचं, ज्याचा आधी एका ओळीनंही उल्लेख नाही! मग तोवर आपण वाचत काय होतो? रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं १९२९ सालीच रहस्यकथेचे दहा नियम मांडले. तपास करणाऱ्याच्या हाती लागलेला धागा वाचकासमोर ठेवलाच पाहिजे, हा त्यातलाच एक. जुळा भाऊ आणायचा तर वाचकाला आधी चाहूल द्या, असंही त्यात आहे. आपल्याकडं घराण्याचा विषय आला की बरेच लेखक हे नियम खुंटीला टांगतात. गुपित डोळ्यांसमोर ठेवा आणि त्याचा अर्थ लपवा, कसब तिथं लागतं.

खानापूरची वाचक:
अजिबात पटलं नाही. घरातली गुपितं अशी चाहूल देत बसतात होय? माजघरात विषय निघाला आणि बाहेरचं कुणी आलं की लगेच "चहा टाकते" म्हणून सगळ्या उठतात. चाळीस वर्षं नांदलेल्या सुनेला ठाऊक नसतं की थोरल्या दिरांचं आधी एक लग्न झालं होतं. मग वाचकालाच ते आधी का कळावं? मी वाचते ती या गप्प माणसांसाठी. खुनी कोण ते दहाव्या पानावर सांगितलंत तरी चालेल.

निपाणीकर:
ताई, मग ती कौटुंबिक कादंबरी झाली की ओ. खून कशाला पाहिजे त्यात?

खानापूरची वाचक:
पाहिजे, दादा. खून झाला की पोलीस घरात येतात आणि एरवी कुणी विचारणार नाही ते विचारतात.

शहापूरकर (वकिली करतो):
शेवटी इन्स्पेक्टरसमोर खुनी ढसाढसा रडून सगळं सांगतो आणि पुस्तक संपतं, याचा मला जास्त राग येतो. पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात शाबीत करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. त्या सांगण्यावरून हत्यार सापडलं, तर तेवढाच भाग चालतो. म्हणजे वस्तू आणि कागद लागतातच. आणि कागदांच्या बाबतीत आपला बेळगावचा भाग बघा की! १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात. पणजोबांचं वाटणीपत्र मोडीत, आजोबांचा उतारा मराठीत, आजची पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, कन्नडमध्ये. तिन्ही वाचणारा माणूस घरात सहसा नसतो. त्यात हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं लेकी वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीच्या वाटेकरी झाल्या, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं. सासरी गेलेल्या बहिणीच्या हक्कसोडपत्राला एकदम किंमत आली. समजा, कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात ही बहीण नातवाला पेपर वाचून दाखवते. सातव्यात तिच्या हक्कसोडपत्रावर सहीऐवजी अंगठा दिसतो. वाचकानं दोन्ही पाहिलंय, पुढचं त्यानं जोडावं.

टिळकवाडीकर:
वकीलसाहेब, हेच म्हणतोय मी! तो अंगठा शेवटच्या प्रकरणात काढला असता तर मी पुस्तक भिंतीवर फेकलं असतं.

निपाणीकर:
पण तो अंगठा खोटा आहे हे तपासवाल्यांच्या लक्षात कसं आलं तेही दाखवायला पाहिजे. नाहीतर नुसतीच वाचकाची परीक्षा.

खानापूरची वाचक:
तुम्ही सगळे अंगठ्यापाशी थांबलात. बोगस बाई उभी करून कागद केलाय हे त्या बहिणीला पहिल्यापासून माहीत असणार. तरी ती बोलली नाही, माहेर तुटू नये म्हणून. खरं गुपित ते आहे, आणि ते कुठल्याही उताऱ्यावर चढत नाही. तिच्या तोंडूनच यायला हवं, आणि शेवटच्या पानावर आलं तरी मी त्याला फसवणूक म्हणणार नाही.

टिळकवाडीकर:
तरीही मला कबूल नाही. दरवर्षी ती भाऊबीजेला येते, ओवाळते, पण त्या घरात रात्रीचा मुक्काम करत नाही, एवढं तरी पाचव्या प्रकरणात दिसू द्या.