दोन राउटिंग प्रोटोकॉलच्या सीमेवर वाढत गेलेले कॉन्फिगरेशन आटोक्यात कसे आणावे?

प्रश्न — शाखाजोड

आमच्या वित्तसंस्थेत काही वर्षांपूर्वी दुसरी एक संस्था विलीन झाली. आमच्या जुन्या नेटवर्कमध्ये ईआयजीआरपी चालते, विलीन झालेल्या संस्थेच्या नेटवर्कमध्ये ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती, म्हणजेच राउटिंग प्रोटोकॉल). पुणे आणि नाशिक येथील दोन राउटर या दोन्ही बाजूंना जोडलेले असून दोन्हींवर दोन्ही दिशांनी रीडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एका प्रोटोकॉलचे मार्ग दुसऱ्यात सोडणे, सुरू आहे. एरवी सर्व सुरळीत असते. मात्र एखादी लिंक खालीवर झाली की मोजकेच काही मार्ग बिघडतात. ट्रेसरूट (पॅकेटची वाट दाखवणारी चाचणी) घेतल्यास पॅकेट पुणे आणि नाशिक यांच्यात फिरत राहून शेवटी टीटीएल (पॅकेटला ठरवून दिलेली टप्प्यांची मर्यादा) संपल्यामुळे टाकले जात असल्याचे दिसते. प्रत्येक वेळी कुणीतरी रूट-मॅपमध्ये (कोणते मार्ग पुढे सोडायचे ते ठरवणाऱ्या नियमांत) आणखी एक ओळ घालून वेळ निभावून नेली. आता तो रूट-मॅप इतका लांबला आहे की त्यातील कोणती ओळ कशासाठी आहे हे कुणालाही सांगता येत नाही आणि काढून टाकण्याचे धाडस कुणी करत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. सगळेच मार्ग न बिघडता ठरावीक मार्गच का बिघडतात? आणि ही गुंतागुंत कमी करायची तर व्यवस्थापनाला ती दाखवावी कशी? राउटरची संख्या सांगितली की ‘इतके थोडे राउटर, मग अवघड काय?’ असे विचारले जाते.

उत्तर — मार्गदर्शी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्समध्ये सापडेल. एकच मार्ग दोन प्रोटोकॉलकडून कळला तर ज्याचे हे ‘अंतर’ लहान, त्यावर राउटर विश्वास ठेवतो. सिस्कोच्या राउटरवर ईआयजीआरपीच्या अंतर्गत मार्गाचे अंतर ९०, ओएसपीएफचे ११० आणि ईआयजीआरपीमध्ये बाहेरून आणलेल्या मार्गाचे १७० असते. आपले बिघडणारे मार्ग तपासून पाहावेत. ते मुळात स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेले मार्ग) असून कुठल्यातरी राउटरवर ईआयजीआरपीत रीडिस्ट्रिब्यूट केलेले असण्याची दाट शक्यता आहे.

तसे असेल तर पुढील साखळी घडते. पुण्याचा राउटर असा मार्ग ईआयजीआरपीकडून शिकतो आणि ओएसपीएफमध्ये सोडतो. नाशिकच्या राउटरला तोच मार्ग दोन्हींकडून कळतो, पण १७० पेक्षा ११० लहान असल्यामुळे तो ओएसपीएफचा मार्ग निवडतो, म्हणजेच पुण्याकडे बोट दाखवतो. एवढ्यावर भागले असते तर फक्त वळसा पडला असता. परंतु नाशिकवर ओएसपीएफमधून ईआयजीआरपीत रीडिस्ट्रिब्यूशनही चालू असल्यामुळे तोच मार्ग, आपण ठरवून दिलेला सीड मेट्रिक (मार्गाचा सुरुवातीचा खर्च) घेऊन, जिथून आला त्याच बाजूला परत जातो. हा मेट्रिक मूळ मार्गाच्या मेट्रिकपेक्षा चांगला ठरला की आतले राउटर नाशिककडे वळतात, नाशिक पुण्याकडे पाठवते, पुणे पुन्हा आत पाठवते आणि लूप पूर्ण होतो. अंतर्गत मार्गांचे अंतर ९० असल्यामुळे त्यांच्या बाबतीत दोन्ही सीमांवर ईआयजीआरपीच जिंकते आणि ते सुरक्षित राहतात. मोजकेच मार्ग बिघडण्याचे कारण हे आहे.

यावर प्रिफिक्सच्या (पत्त्यांच्या गटांच्या) याद्या वाढवणे हा उपाय नव्हे. दोन्ही सीमांवर ईआयजीआरपीतून ओएसपीएफमध्ये जाणाऱ्या प्रत्येक मार्गाला एक टॅग (ओळखीचा क्रमांक) लावावा, उलट दिशेला तोच टॅग असलेला मार्ग नाकारावा, आणि दुसऱ्या दिशेसाठी वेगळा टॅग घेऊन हेच करावे. उद्या नवी शाखा उघडली तरी या नियमाला हात लावावा लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. टॅगमुळे परतीचा प्रवास थांबतो, पण नाशिकचा पुण्याकडे पडणारा वळसा थांबत नाही. त्यासाठी ओएसपीएफच्या बाह्य मार्गांचे अंतर १७० च्या वर नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण ओएसपीएफच्या बाजूचे स्वतःचे बाह्य मार्ग असतील तर तेच दुखणे आरशातल्यासारखे त्या बाजूला उभे राहते. त्याऐवजी सीमेवरच्या राउटरने तो टॅग असलेले ओएसपीएफ मार्ग राउटिंग टेबलात घेऊच नयेत, अशी गाळणी लावता येते. मात्र मग त्या मार्गांसाठी ओएसपीएफमधून मिळणारा पर्याय गमवावा लागतो. यांपैकी काय पत्करायचे हे आपल्या लिंक किती भरवशाच्या आहेत यावरून ठरवावे लागेल.

उत्तर — संदर्भशोधक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. राउटरची संख्या किंवा कॉन्फिगरेशनच्या ओळी मोजून गुंतागुंत कळत नाही. बेन्सन, अकेला आणि माल्ट्झ यांनी २००९ साली मांडलेल्या अभ्यासात कॉन्फिगरेशनमधील संदर्भ मोजण्याची पद्धत सुचवली होती, आणि ती आजही उपयोगी आहे. शेजारी राउटरच्या नोंदीत रूट-मॅपचे नाव असते, रूट-मॅप प्रिफिक्स-लिस्टचे नाव घेतो, आणि एका राउटरवर लावलेला टॅग दुसऱ्या राउटरवर तपासला जातो. अशी प्रत्येक जोडणी म्हणजे बदल करणाऱ्याला डोक्यात धरून ठेवावी लागणारी एक गोष्ट. एक साधा बदल करण्यासाठी किती राउटरवरील किती ठिकाणे एकत्र बदलावी लागतात, हा आकडा व्यवस्थापनापुढे ठेवावा. तांत्रिक पार्श्वभूमी नसलेल्या अधिकाऱ्यालाही तो समजतो.

संदर्भ मोजायला बसले की निराधार नावेही सापडतात. रूट-मॅपमध्ये उल्लेख आहे, पण त्या नावाची प्रिफिक्स-लिस्ट राउटरवर अस्तित्वातच नाही, असा प्रकार जुन्या नेटवर्कमध्ये नित्याचा आहे. अशा वेळी काही प्रणाली सर्व मार्ग जुळले असे मानतात, तर काही असे कॉन्फिगरेशन स्वीकारतच नाहीत. म्हणून ‘ही यादी आता लागत नाही’ असे म्हणून केवळ यादी पुसणे धोक्याचे आहे. आधी तिचा उल्लेख काढावा, मग यादी.

हे काम हाताने करण्याची गरज नाही. बॅटफिश हे मुक्त स्रोत साधन कॉन्फिगरेशनच्या फाइल वाचून, प्रत्यक्ष राउटरला हात न लावता, राउटिंग टेबल काय होईल ते काढते आणि निराधार संदर्भही दाखवते. मात्र साधनांवर सर्व भिस्त ठेवू नये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सेवा जगभर बंद पडली, तेव्हा देखभालीदरम्यान दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या बॅकबोनच्या (डेटा सेंटर एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याच्या) जोडण्या तुटल्या होत्या, आणि अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी साधनातच दोष निघाला होता.

उत्तर — सीमारेषा

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु दोन ठिकाणी दोन्ही दिशांनी रीडिस्ट्रिब्यूशन ही रचनाच टिकवायची का, हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. दोन्ही बाजू वेगळ्याच ठेवायच्या असतील, तर मध्ये प्रत्येक बाजूला खासगी एएस क्रमांक (स्वतंत्र नेटवर्कची ओळख) देऊन बीजीपी हा नेटवर्क-नेटवर्कमधला राउटिंग प्रोटोकॉल चालवावा. बीजीपीच्या मार्गासोबत एएस पाथ, म्हणजे वाटेतील एएस क्रमांकांची यादी, जाते. त्यात स्वतःचा क्रमांक दिसला की राउटर तो मार्ग नाकारतो, म्हणजे मार्ग उलटून परत येणे थांबते. मात्र बीजीपीत संपूर्ण टेबल रीडिस्ट्रिब्यूट करू नये, मोजके समराइझ केलेले (अनेक पत्ते एकत्र केलेले) मार्गच जाहीर करावेत, अन्यथा जुनाच पसारा नव्या नावाने उभा राहील. हे जमण्यासाठी दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते सलग असावे लागतात. आपले तसे आहेत का?

प्रतिसाद — शाखाजोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बिघडणारे सर्व मार्ग खरोखरच स्टॅटिक निघाले. एटीएम सेवा पुरवणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडे जाणारे आहेत. पत्ते मात्र सलग नाहीत. विलीनीकरणानंतर दहा-बारा शाखांना जिथे जागा मिळाली तिथले पत्ते दिले गेले. व्यवस्थापनाला शेवटी एकच नेटवर्क हवे आहे. मग थेट सगळीकडे ओएसपीएफ करणे योग्य ठरेल का, आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर — मार्गदर्शी

एकच नेटवर्क हवे असेल तर होय, मग मध्ये बीजीपी आणण्याचे कारण उरत नाही. प्रथम टॅग लावून लूप बंद करावा, कारण चालू दोष अंगावर ठेवून स्थलांतर करू नये. त्यानंतर ईआयजीआरपीच्या बाजूला तिच्या शेजारीच ओएसपीएफ सुरू करावे. ९० हे ११० पेक्षा लहान असल्यामुळे आतल्या मार्गांची वाहतूक जुन्याच वाटेने जात राहील आणि ओएसपीएफचा डेटाबेस निवांतपणे तपासता येईल. एटीएमचे स्टॅटिक मार्ग मात्र १७० चे आहेत. ओएसपीएफमध्ये आणताच ते लगेच त्या वाटेवर उडी मारतील, म्हणून त्यांना हात सर्वांत शेवटी लावावा.

नंतर राउटरागणिक ईआयजीआरपीचे अंतर वाढवून वाहतूक ओएसपीएफवर आणावी. ज्या शाखांना एकच लिंक आहे तिथून सुरुवात करावी, कारण तिथे दोन प्रोटोकॉलचे मतभेद होऊन लूप पडण्याचा प्रश्नच येत नाही. मुख्यालयातील पर्यायी वाटा असलेले राउटर एकाच रात्रीच्या कामात बदलावेत. प्रत्येक टप्प्याच्या आधी आणि नंतर राउटिंग टेबल जतन करून दोन्ही ताडून पाहावेत. ईआयजीआरपी लगेच काढू नये. महिनाअखेरचे कामकाज नव्या वाटेने पूर्ण पार पडेपर्यंत ती वाढवलेल्या अंतरासह तशीच राहू द्यावी. काही बिघडल्यास अंतर पूर्ववत करणे एवढेच काम उरते. सीमेवरील रीडिस्ट्रिब्यूशन आणि तो लांबलेला रूट-मॅप त्यानंतर काढावा, आणि तेव्हाही आधी उल्लेख, मग यादी.