घर निळ्या रेषेबाहेर आहे, मग पुराचा विमा कशाला?

गंगेवरचा (धागा सुरू)

मेव्हणा नाशकात गोदावरीकाठी आनंदवल्लीकडे तळमजल्याचा फ्लॅट घेतोय. साइटवरच्या माणसाने नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "इमारत निळ्या रेषेच्या बाहेर आहे, पुराचा प्रश्नच नाही." मी म्हटलं, तरी घराचा विमा काढ. त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतो.

निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं, एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षं निवांत. पुराला तसला हिशेब नसतो. निळ्या रेषेवरच्या घरात दर वर्षी पाणी शिरायची शक्यता शंभरात चार. वीस वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी शिरण्याची शक्यता जवळपास ५६ टक्के होते. लाल रेषेवर तोच आकडा १८ टक्के. मेव्हण्याचं घर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. २००८, २०१६, २०१९ हे पूर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. आयुष्यभराची कमाई घालून घेतलेल्या घराला एवढी जोखीम असताना विमा न काढणं मला पटत नाही.

पंचवटीकर

मला नाही पटत. आमच्या तीन पिढ्या पंचवटीत गेल्या. आमची पूररेषा गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती सांगते. मारुतीच्या गुडघ्याला पाणी आलं की दुकानातला खालचा माल वर, कमरेला आलं की घरातलं सामान माळ्यावर, नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे पाणी सरकायला लागलं की माणसं वर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवणार असले की आधी कळतं. तेवढ्या वेळात हुशार माणूस घर वाचवतो.

आणि विम्याचा अनुभव घेतलाय. २००८ च्या सप्टेंबरात घरात छातीभर पाणी होतं. भिंतीचा गिलावा, लाकडी जिना, दिवाण, सगळं गेलं. सर्व्हेअर आला, फोटो काढले, आणि हातात आली नुकसानीच्या निम्मी रक्कम. कारण काय, तर घराची किंमत आम्ही कमी लिहिली होती, म्हणून भरपाईही त्याच प्रमाणात कापली. आमच्याकडून हप्ता घेताना हे कोणी बोललं नव्हतं. त्यानंतर विमा नाही, आणि पश्चात्तापही नाही.

नासर्डीकाठची

काका, तुमच्या मारुतीरायाला नमस्कार. पण आमच्या नासर्डी नदीला मारुती नाही. सातपूर-अंबडकडे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की तासाभरात आमच्या पुलाखाली पाणी मावत नाही. वर धरण नाही, म्हणून विसर्गाचा आकडा नाही आणि भोंगाही नाही. त्या दिवशी रामकुंडावर गोदावरी शांत असते आणि आमच्या गल्लीत गॅसची टाकी तरंगत असते. नाशिकमध्ये पूर म्हटलं की सगळे गोदाघाटाकडे बघतात, ही आपली मोठी चूक आहे.

धागाकर्त्यांना एवढंच सांगते, रेषेचा नकाशा बघा, पण मेव्हण्याला त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला आणि जुन्या वॉचमनला विचारायला लावा, "पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं?" घर बघायला मार्चमध्ये जाऊ नये, जुलैच्या संततधारेत जावं.

सराफ बाजारवाला

विमा, विमा काय लावलंय? सराफ बाजारात आणि दहीपुलावर पाणी येतं त्याचं कारण सरस्वती नाला. वरून झाकला, काठ आवळले, गोदावरी चढली की नाल्याचं पाणी पुढे जायला वाट नाही, ते मागे फिरतं आणि दुकानात शिरतं. हे माणसांनी केलेलं आहे. मी घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, आता महापालिकेच्या चुकीचा हप्ताही मीच भरू? आपण सगळे विमे काढून मोकळे झालो, तर नाले मोकळे करा म्हणून ओरडणार कोण?

गंगेवरचा

ओरडायचंच आहे, मीही येतो. पण नाला मोकळा होईपर्यंत घर कोणाच्या भरवशावर ठेवायचं? सरकारी मदतीचे निकष बघा. मैदानी भागात पक्कं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये, अंशतः पडझडीला ६,५००. तेही पंचनामा होऊन यादीत नाव आलं तर. साडेसहा हजारांत एका खोलीचा ओला गिलावासुद्धा नीट होत नाही. महापालिकेशी भांडण आणि विमा, दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

विम्यातला माणूस

वीस वर्षं याच कामात आहे, म्हणून पंचवटीकर काकांना आधी उत्तर देतो. तुमचं झालं ते खरं आहे आणि त्या वेळच्या नियमांप्रमाणे हजारो लोकांचं तसंच झालं. किंमत निम्मी लिहिली की भरपाई निम्मी. पण १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मजकुराची पॉलिसी ठेवायला लावली आहे. त्यात कमी विम्यापोटी होणारी ही कपात काढून टाकली आहे. पूर, पाणी साचणं, वादळ, भूस्खलन, आग, भूकंप सगळं मूळ पॉलिसीत येतं, पुरासाठी वेगळं काही जोडावं लागत नाही. घर राहण्याजोगं नसेल त्या काळातल्या पर्यायी जागेचं भाडंही येतं.

लोक चुकतात ते रकमेत. ८० लाखांना फ्लॅट घेतला म्हणून ८० लाखांचा विमा मागतात. जमीन वाहून जात नाही हो. चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) गुणिले आजचा बांधकामाचा दर, तेवढीच रक्कम धरायची. म्हणून हप्ता बहुतेकदा चारचाकीच्या पूर्ण विम्यापेक्षाही कमी पडतो. इमारतीच्या विम्यासोबत घरातल्या सामानाला यादी न देता त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण असतं. दागिने त्यात धरलेले नसतात, ते वेगळे लिहून घ्यावे लागतात.

दुसरी चूक कर्जाच्या वेळची. "बँकेने विमा काढलाय" म्हणतात आणि फाइल उघडली की निघतो तो कर्जदाराच्या जिवाचा विमा. घराचा नसतोच.

पाणी ओसरल्यावर आधी फोटो, मग साफसफाई. चिखल धुऊन टाकल्यावर सर्व्हेअरला काय दाखवणार? पार्किंगमध्ये बुडालेली गाडी सुरू करून बघू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि त्या नुकसानीला वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं असावं लागतं. दावा अन्यायाने नाकारला तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करा, फी लागत नाही.

वाड्यातली भाडेकरू

जुन्या नाशकात वाड्यात राहते. भिंती मातीच्या, मालक मुंबईला, चार भावांचा दावा कोर्टात. विमा काढणार कोण? दर पावसाळ्यात वाडा धोकादायक असल्याची नोटीस मात्र आम्हाला येते.

विम्यातला माणूस

ताई, इमारतीचा विमा मालकालाच काढावा लागेल. तुम्ही फक्त सामानाचा काढू शकता, त्याला मालकी लागत नाही. पण मातीच्या बांधकामाबद्दल कंपनीला खरं काय ते आधीच लेखी द्या, लपवलं तर पुढे दावा नाकारायला तेच कारण होतं.

सायखेड्याचा

शहरवाल्यांनो, तुमच्याकडून उतरलेलं पाणी आमच्या चांदोरी-सायखेड्यात थांबतं. खाली नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा, वरून गोदावरी. तुमच्याकडे रात्रीत ओसरतं, आमच्याकडे दोन-दोन दिवस घरात पाणी. विमा मलाही हवाय, पण एजंट गावाचं नाव ऐकूनच फोन उचलत नाही. ज्याला धोका नाही त्याला विकायला येतात आणि धोका असलेल्याला टाळतात, हे मला मान्य नाही.

पंचवटीकर

सायखेड्याच्या भावाचं म्हणणं मला सगळ्यात खरं वाटलं. नवे नियम मला माहीत नव्हते, हे कबूल. तरी सामान वर नेणारे हात हवेत, एवढं मी सोडणार नाही. आमच्याकडे आता दोघंच म्हातारे आहोत, मुलगा पुण्यात. या वर्षी फ्रीज वर कोण नेणार, हा विचार मात्र रात्रीपासून डोक्यातून जात नाही.

गंगेवरचा

काका, तुमचा पत्ता मला निरोपातून कळवा. विसर्ग वाढल्याची बातमी आली की आम्ही दोघं येऊ, मेव्हणा पहिलवान आहे. त्याने काल कर्जाची फाइल उघडली. आत जिवाचाच विमा निघाला. सोमवारी बांधकामाचा दर विचारायला जातोय, आणि घर मात्र जुलैत पुन्हा बघून मगच सही करणार म्हणतोय.