प्रिपेअर झालेला व्यवहार परस्पर रोलबॅक नको
क्रॅशनंतर नोड (डेटाबेसचा एक सर्व्हर) उठला की अर्धवट व्यवहार सरसकट रोलबॅक, म्हणजे रद्द, करावेत, ही सूचना प्रिपेअर न झालेल्यांपुरतीच ठीक. टू-फेज कमिटमध्ये (आधी सगळ्या नोडची मतं, मग सगळीकडे एकच निर्णय) नोडने एकदा 'तयार' असं मत दिलं, म्हणजे व्यवहार प्रिपेअर झाला, की निर्णय त्याच्या हातात राहत नाही; तो मतं गोळा करणारा कोऑर्डिनेटर घेतो. दुसऱ्या नोडवर कमिट (व्यवहार कायम) होऊन गेलेलं असू शकतं. एका खात्यातून रक्कम वजा, दुसऱ्यात जमाच नाही, हा घोळ इथलाच.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स (pg_prepared_xacts, प्रिपेअर झालेल्या व्यवहारांची यादी) बघा, तिथला जीआयडी (व्यवहाराची ओळख) कोऑर्डिनेटरच्या लॉगमध्ये शोधा. कमिटची नोंद असेल तर 'कमिट प्रिपेअर्ड'. नोंद नसेल आणि कोऑर्डिनेटर अजून मतांची वाट बघत नाहीये याची खात्री असेल, तरच 'रोलबॅक प्रिपेअर्ड'. (कमिटचा निरोप धाडण्याआधी ती नोंद एफसिंक झालेली, म्हणजे डिस्कवर पक्की उतरलेली, हवी, नाहीतर मुसळ केरात.) नुसत्या रीस्टार्टने हे व्यवहार जात नाहीत, लॉक धरून बसतात, आणि व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या सफाईच्या कामाला) मेलेल्या, म्हणजे जुन्या झालेल्या, ओळीही साफ करता येत नाहीत.