किकबॉक्सिंगवाल्यानं कुस्ती कुठनं सुरू करायची? तालीम का पुण्याचं जिऊ जित्सू?

लो_किक_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी शाहूपुरीत राहतो, वय २९, शिरोली एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला. आठवीत क्योकुशिन कराटे चालू केलं आणि गेली सहा वर्षं किकबॉक्सिंग करतोय. लई मोठा खेळाडू नाही पण उभ्यानं कुणी येऊन सहज मारून जाईल असंही नाही.

गेल्या महिन्यात पुण्याला मित्राच्या जिममध्ये एमएमएवाल्या (लाथा, बुक्क्या, कुस्ती सगळंच चालणारा खेळ) पोरांबरोबर स्पारिंग केलं. समोरचा माझ्यापेक्षा आठ किलोनं हलका, ग्रॅपलिंग (धरून-पाडून लढणं) करून जेमतेम दीड वर्षं झालेलं. मी लो किक मारली, त्यानं पाय धरला आणि त्यानंतर पाच मिनिटं मी फक्त छताचा पंखा बघत होतो. उठाय गेलो की गळा, पडून राहिलो की हात, तीनदा टॅप केलं, म्हणजे हात आपटून हार मानली. आणि दम असा गेला की विचारू नका, मी रोज सकाळी रंकाळ्याला पळणारा माणूस, तिथं माशागत तोंड उघडं टाकून पडलोय. वर त्या पोरानं उठवताना विचारलं, "कोल्हापूरचा ना तू?" ते जास्त लागलं.

तर प्रश्न असा की इथंच तालमीत जावं का शनिवार-रविवार पुणे करून जिऊ जित्सू (जमिनीवर धरून गळा-हात आवळायचा खेळ) शिकावं? इथं एक ज्युडोचा क्लास पण आहे असं ऐकलंय. आणि २९ व्या वर्षी तालमीत उभं तरी करून घेतील का? किकबॉक्सिंग सोडायचं नाहीये, तेवढं धरून सांगा.

गंगावेसचा_हौदा

भावा, घरात आड आणि पाण्याला पुण्याला जातोस व्हय? शाहू महाराजांनी खासबाग मैदान काय क्रिकेट बघायला बांधलं का? खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजात शिकलं, इथंच घाम गाळला आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. आणि तू २३० किलोमीटर गाडी हाणून जाणार पट (पाय धरून पाडायचा डाव) शिकायला.

वयाचं डोक्यातनं काढ. तुला काय महाराष्ट्र केसरी व्हायचंय का? सकाळी पाचला नारळ घेऊन जा, हनुमंताला फोड, वस्तादांच्या पाया पड आणि शिकायचंय एवढंच सांग. मी अमुक बेल्ट हाय, तमुक मेडल हाय हे सांगू नको, न्हाईतर पैल्याच दिवशी सगळ्यात दांडगा पठ्ठा अंगावर सोडतील. पैला महिना मातीचा हौदा उकरायला लावतील, जोर-बैठका काढून घेतील, आणि चौदा वर्साची पोरं तुला उचलून टाकतील. लाजायचं न्हाय. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घातलेलं असतंय, पडलास तरी लागत न्हाय, मन तेवढं मोडतंय.

डाव शिकायचा सोस करू नको. ढाक, कलाजंग, धोबीपछाड बघायला झ्याक दिसतंय, तुला त्यातलं काय बी नको. सहा महिनं दोनच गोष्टी. दुहेरी पट काढायचा आणि आलेला पट अडवायचा. पट आला की तुम्ही लाथावाले हातानं ढकलत बसता. हात न्हाय, पाय लांब मागं फेकायचं आणि कंबरेचं सगळं वजन त्याच्या मानेवर-खांद्यावर टाकायचं. हे एवढं रोज पन्नासदा कर. मग गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध आणि डूटीला.

मॅटवरचा_पुणेकर

तालमीवाल्यांनी रागवू नये, मी स्वतः लहानपणी मातीत लोळलेलो आहे, आता सात वर्षं जिऊ जित्सू करतो. वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली आणि ती मोठी आहे.

कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. त्यामुळे पैलवानाच्या अंगात लहानपणापासून एकच भिनलेलं असतं, पडलो तरी पाठ लागू द्यायची नाही, पालथं व्हायचं, मातीला चिकटून राहायचं. मातीत ते शंभर टक्के बरोबर आहे. पण जिथे गळा आवळायला परवानगी आहे तिथे पालथं पडणं म्हणजे स्वतःच्या हाताने पाठ देणं. मागचा माणूस दोन्ही पाय तुझ्या मांड्यांत अडकवतो, हनुवटीखालून हात घालतो आणि विषय संपला. मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या तर दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, ताकदीचा काही संबंध नाही. जिऊ जित्सूत उलटं आहे, पाठीवर पडलास तर चालतं, तुझे पाय समोरच्याच्या आणि तुझ्या मध्ये राहिले पाहिजेत म्हणजे झालं.

दुसरं म्हणजे मान. पट काढताना डोकं खाली घालून घुसायची सवय लागते कारण मातीत त्या मानेला कुणी गळफास लावत नाही. भरत खंडारे आपला मराठी गडी, २०१७ ला यूएफसी या एमएमएच्या स्पर्धेत उतरला, पहिल्याच फाइटमध्ये साँग यादाँगने गिलोटिन (समोरून मान काखेत धरून आवळणं) लावून पहिल्याच राउंडमध्ये टॅप करायला लावलं. आणि रितू फोगाट घ्या, घरात कुस्ती, लहानपणापासून मॅटवर, २०२१ च्या डिसेंबरात वन चॅम्पियनशिप या एमएमए संघटनेच्या स्पर्धेच्या फायनलला स्टॅम्प फेअरटेक्सकडून आर्मबारला (कोपर उलटं ताणायची पकड) हरली. स्टॅम्प मूळची मुय थाईवाली, म्हणजे आपल्या प्रश्नकर्त्यासारखीच! लाथा-बुक्क्यावाली बाई जमिनीवर पैलवानाचा हात काढून घेते, म्हणजे शिकलं तर होतं.

माझं मत, तालीम जरूर कर पण महिन्यातून एक-दोनदा तरी जिऊ जित्सूच्या मॅटवर जा, नाहीतर तुला नवीन वाईट सवयी लागतील आणि त्या काढायला जुन्यांपेक्षा जास्त वेळ लागेल.

गंगावेसचा_हौदा

खंडारे कुस्ती येत होती म्हणून हरला व्हय? आणि ज्या पोरानं ह्याला पंखा दाखवला त्यानं पैलं काय केलं, पाय धरून पाडलंच न्हवं? आधी पाडणं, मग तुमचं गळा बिळा. पाडताच आलं न्हाय तर जिऊ जित्सू काय पंख्याला लावणार.

मॅटवरचा_पुणेकर

अहो मी तेच म्हणतोय की, दोन्ही लागतं. मान वर ठेवून पट काढायला शिकवा एवढंच म्हणणं.

गंगावेसचा_हौदा

ते आमचं वस्ताद बी सांगत्यात. मान खाली गेली की पाठीत धपाटा बसतोय.

उकेमी_सर

वाद रंगलाय, चांगलं आहे. मी शाळेत खेळ शिकवतो, तरुणपणी ज्युडो केला. ज्युडोचं विचारलंय म्हणून सांगतो. २०१० पासून आंतरराष्ट्रीय ज्युडोने पाय धरण्यावर बंधनं आणली आणि पुढे हातानं पाय धरणं बंदच केलं. त्यामुळे पट अडवायला शिकायचं असेल तर आजच्या ज्युडो क्लासमध्ये त्याचा सराव फारसा मिळणार नाही. पण एक गोष्ट ज्युडोसारखी कुणी शिकवत नाही, ती म्हणजे पडणं. तुमच्यासारखे लोक आयुष्यभर उभं राहून खेळतात, पडताना आपोआप तळहात मागे टेकवतात. मनगट, कोपर, खांदा, यापैकी काहीतरी जातं. हनुवटी छातीला, हात शरीरापासून थोडा लांब आणि जमिनीवर सपाट आपटायचा, एवढं महिनाभर घोटून घ्या आणि मग कुठंही जा. २९ व्या वर्षी तुम्हाला अडचण येणार ती दमाची नाही, मोडलेल्या मनगटानं शिफ्ट कशी करणार याची.

आणखी दोन बारक्या गोष्टी ज्या तालमीत कुणी सांगत नाही. एक, गजकर्ण. मातीतून असो वा मॅटवरून, घासाघासीत होतंच. सराव संपला की लगेच अंघोळ, नखं कापलेली, लांग-लंगोट रोज धुतलेला. झालंच तर मेडिकलमधून कुणीही देतो ती स्टेरॉइड मिसळलेली क्रीम लावू नका, वरून बरं दिसतं आणि आतून पसरतं. दोन, कान. कान घासून सुजला, हाताला मऊ-मऊ लागला तर आत रक्त साठलेलं असतं, एक-दोन दिवसांत डॉक्टरकडून काढून घेऊन दाबून बांधलं तर कान वाचतो, नाहीतर कडक होऊन फुलकोबी होतो. पैलवानांना त्याचं कौतुक असतं, तुमच्या घरच्यांना असेल का ते बघा.

इचलकरंजीची_मुय_थाई

मी सेम यातनं गेलोय. (मुलगी आहे, कोल्हापूरकडं आम्ही 'गेलोय'च म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) पाच वर्षं मुय थाई आणि आता दोन वर्षं कुस्तीच्या मॅटवर. मला डावांचं एवढं कळत नाही पण लाथावाल्यांच्या खोडी मला पाठ आहेत कारण त्या सगळ्या माझ्याच होत्या.

पहिली खोड उभं राहण्याची. किक अडवायला पुढचा पाय हलका ठेवायची सवय असते आणि आपण उंच उभे राहतो. पैलवानाला तो हलका पाय म्हणजे ताटात वाढलेला एकेरी पट. दादा तू क्योकुशिनवाला आहेस म्हणजे आणखी एक, स्पर्धेत तोंडावर बुक्की नसते म्हणून तुम्ही छातीला छाती लावून भांडता, त्या अंतरावर पैलवानाला हातपण लांब करावा लागत नाही. दुसरी खोड सरळ मागं सरकायची. पट आला की आपण मागं पळतो, तो पुढं पळतो, पुढं पळणारा जिंकतो हे कळायला मला चार महिने लागले. बाजूला निघायचं. तिसरी, सुट्टी लो किक. बुक्की दाखवल्याशिवाय किक मारायची नाही आणि मारली की पाय परत जाग्यावर, तिथंच विसरायचा नाही.

आणि दम जातो त्याचं कारण पळणं कमी पडतं हे नाही. आपण घाबरून सगळं अंग आवळून धरतो आणि श्वास कोंडतो. किकबॉक्सिंगमध्ये मारायचं आणि सुटायचं असतं, इथं कुणीतरी सत्तर किलोचं पोतं अंगावर टाकून बसलेलं असतं आणि सुटका नसते. खाली असताना मुद्दाम नाकानं हळू श्वास घ्यायची प्रॅक्टिस कर, वेड्यागत वाटेल पण कर.

सुरुवातीला बुक्क्या-लाथा बाजूला ठेवून निव्वळ कुस्ती धर. माझी चूक हीच झाली की पडायला आलं की मी गुडघा मारून सुटायचो, त्यामुळं सहा महिने काही शिकलोच नाही. नंतर दोन्ही जोडलं तेव्हा मात्र मजा आली, कारण अंतर आणि टायमिंग आपल्याकडं असतंच, फक्त समोरचा खाली वाकला की काय करायचं ते आता माहीत असतं. आणि पहिलं वर्षभर कुणाला टॅप करायला लावायचं स्वप्न सोड. पडलास की उठायचं कसं, तेवढंच. हात मागं, एक पाय मध्ये आडवा, कंबर उचलून दुसरा पाय खालनं मागं काढायचा आणि तोंड त्याच्याकडं ठेवून उभं राहायचं. लाथावाल्यानं उभं राहिलं की खेळ परत आपला.

लो_किक_कोल्हापूर

सगळ्यांचे आभार. दीड महिन्यानं लिहितोय कारण हात वर होत नव्हते. तालमीत गेलो. नारळ नेला, बेल्टचं काही बोललो नाही, पण बैठका काढताना पाय वर जातो तो बघून वस्तादांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं आणि म्हणाले, "लाथा घरी ठेवून यायच्या." सेकंड शिफ्ट असली की सकाळी, फर्स्ट असली की संध्याकाळी. नाइटच्या आठवड्यात बंद, प्रयत्न करून बघितला, हौद्यात उभ्या उभ्या झोपलो. सर, पडायचं घरी गादीवर घोटतोय, बायको खालच्या मजल्यावरच्यांची माफी मागून आली.

आठवीतल्या एका पोरानं मला पहिल्या आठवड्यात किती वेळा उचललं ते मोजायचं सोडून दिलं. आता तो पट काढतो तेव्हा दहातनं तीनदा तरी पाय मागं जातात. परवा पुण्याला जाऊन आलो, त्याच पोराबरोबर. पाडलं त्यानं, पण टॅप एकदाच, आणि दोनदा उठून उभा राहिलो. एकदा मात्र सवयीनं पालथा झालो आणि पुणेकर म्हणाले तेच झालं, गळा.

एक विचारायचं होतं, डावा कान कालपासनं गरम लागतोय, वरच्या बाजूला मऊ फुगल्यागत. बर्फ लावला तर बसेल का?

उकेमी_सर

बर्फ नंतर. आज डॉक्टरकडे जा. उद्या नाही, आज.

गंगावेसचा_हौदा

राहू द्या की सर, आत्ता कुठं पैलवान दिसाय लागलाय.