रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ मराठीत नीट कुठे मिळेल? (नागपूर)

मानेवाड्याची_मावशी
नमस्कार मंडळी. भाची नऊ वर्षांची आहे. सारखे हातपाय दुखतात म्हणून रक्त तपासलं. कागदावर 'अ‍ॅनिसोसायटोसिस', 'पॉइकिलोसायटोसिस', 'टार्गेट सेल' आणि खाली 'सिकलिंग पॉझिटिव्ह'. काउंटरवर विचारलं तर म्हणे डॉक्टर सांगतील, आणि डॉक्टर भेटणार सोमवारी. बहीण रात्रभर मोबाइलवर शोधत, रडत बसली होती. मराठीतून समजेल असं काही सुचवा.

जुना_लॅबवाला
ताई, माझी तीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर गेली. पहिले तीन शब्द आजारांची नावं नाहीतच, काचेवर काय दिसलं त्याचं वर्णन आहे. अ‍ॅनिसो म्हणजे असमान: पेशी लहानमोठ्या. पॉइकिलो म्हणजे नाना तऱ्हेचं: पेशींचे आकार वेगवेगळे. लोह कमी पडलं तरी हे दोन्ही लिहितात. टार्गेट सेलमध्ये मधोमध गडद ठिपका, भोवती फिकट कडं. थॅलेसेमियात, यकृताच्या दुखण्यातही ती दिसते.

लक्ष द्या ते चौथ्या ओळीकडे. साधारणपणे नळीतल्या द्रावणात थोडं रक्त टाकतात आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. रक्तात एस हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींना विळ्यासारखा आकार देणारं हिमोग्लोबिन, आहे एवढंच त्यातून कळतं, किती ते नाही. एएस म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच एस आलेला वाहक, बहुधा धडधाकट. एसएस म्हणजे दोघांकडूनही एस आलेला, म्हणजे सिकलसेल आजार. हा फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासण्यांनीच कळतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिनही मोजणीत मिसळतं.

धरमपेठचा_वाचक
भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. परिभाषा कोशात प्रतिशब्द मिळतो, उलगडा होत नाही. त्यासाठी विश्वकोशाची नोंद वाचा. एकच सांभाळा, अ‍ॅनिमियाला तिथे 'पांडुरोग' म्हणतात. माझ्या आईने तो शब्द वाचून कावीळच समजली होती.

साकोलीकडचा
आमच्या घरी दोघं एसएस आहेत, म्हणून कळकळीनं सांगतो. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली तर सोमवारची वाट नका पाहू, सरळ मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या. आणि आईवडील दोघांचंही रक्त तपासा. दोघं एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता 25 टक्के असते. आधीची मुलं चांगली निघाली म्हणून ती कमी होत नाही, आमच्याकडे हाच गैरसमज होता.

मानेवाड्याची_मावशी
खूप आभार, भाऊ. रक्त कधी चढवलं नाही, आज तापही नाही. तिघांचंही एचपीएलसी उद्या करतोय. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. "असमान, एवढाच अर्थ?" असं तिनं दोनदा विचारलं, मग दोन घास खाल्ले.