‘शांत’ला पर्याय सुचवा: निवांत, नीरव, निवळ, उसंत…

वाटसरू:
डोंगरातल्या चार दिवसांच्या पायपिटीवर एक टिपण लिहितोय. काल वाचून पाहिलं, तर तीन पानांत ‘शांत’ अकरा वेळा आलाय. डोंगर शांत, पहाट शांत, मन शांत, कानात लावलेला पियानोसुद्धा शांत. इंग्रजीतल्या ‘सिरेनिटी’च्या जवळचा शब्द हवा आहे. कोशात शांती, शांतता, प्रशांतता, निरवता सापडले. एकही त्या खिंडीतल्या तासाभराला लागू पडत नाही. ‘शांतता’ लिहिलं की मला तर पुढे ‘राखा’ दिसायला लागतं.

मुद्रितशोधक:
आधी दुरुस्ती. निरव नव्हे, नीरव. निः + रव. विसर्गापुढे ‘र’ आला की विसर्ग जातो आणि मागची ‘इ’ लांबते, नीरस तसाच. रव म्हणजे आवाज. नीरव जागेत आवाज नसतो, एवढंच त्यातून कळतं. तिथे बरं वाटतं की भीती वाटते, ते शब्द सांगत नाही. ‘स्तब्ध’ तर नकोच. तो स्तंभाचा भाऊबंद, खांबासारखा ताठलेला. डोंगर स्तब्ध चालेल. तुम्ही स्तब्ध झालात, तर वाचक विचारेल, असं काय दिसलं?

जुनी पाटी:
मी असे शब्द निवडताना एकच प्रश्न विचारते: थांबलं काय? आवाज थांबला तर नीरव. माणसांची वर्दळ थांबली तर सामसूम. माणसं असायला हवी होती आणि नाहीत, तर शुकशुकाट. धावपळ किंवा पाऊस थोडा वेळ थांबला तर उसंत. ऋतुपालटाबद्दल लिहिणार असाल तर हा शेवटचा फार कामाचा आहे. ‘पावसाने उसंत घेतली’ म्हणताना पाऊसही दमतो असं आपण गृहीत धरतो, आणि तो परत येणार हेही त्यातच आलं. ‘पाऊस थांबला’मध्ये यातलं काही नाही.

‘निवांत’चं नातं ‘निवात’शी जोडतात, म्हणजे वारा नसलेला. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘यथा दीपो निवातस्थो नेङ्गते’ आहे ना, तोच निवात. वारा नाही म्हणून ज्योत हलत नाही. रोजच्या बोलण्यात मात्र निवांतला फुरसतीचा वास लागलाय. ‘निवांत भेटू’ म्हणजे घड्याळ न बघता भेटू. तुमच्या खिंडीत दोन्ही अर्थ लागू पडत असतील तर वापरा.

वाटसरू:
वारा नव्हता हे खरंच. दुपारभर टोपी धरून चाललो होतो. खिंडीत पोहोचलो, स्टोव्ह पेटवला तर ज्योत सरळ उभी. पण ‘निवांत’ लिहिलं की मी लोडाला टेकून बसलोय असं वाटतं. पाय तर ठणकत होते.

मुद्रितशोधक:
मग ‘स्वस्थ’? स्व + स्थ, आपल्या ठिकाणी असलेला. हिंदीत तो तब्येतीकडे गेला, आपल्याकडे ‘स्वस्थ बस’मध्ये अडकला. ‘अस्वस्थ’ मात्र अजून नीट मनाबद्दल बोलतो. उलटा शब्द जिवंत आणि सुलटा आळशी, अशी दुर्दशा.

किणकिण:
पियानोबद्दल बोलू का? एस्टोनियन संगीतकार आर्वो पार्टचं काही ऐकत होतात का? त्याने 1976 पासून वापरलेल्या पद्धतीचं नाव टिंटिनाबुली, लॅटिनमध्ये छोट्या घंटा. एक स्वरओळ पायरी-पायरीने चढते-उतरते, दुसरी फक्त मूळ त्रिस्वराच्या, म्हणजे एकत्र जुळणाऱ्या तीन सुरांच्या, सुरांवर राहते. माझं टोपणनाव तिथूनच घेतलंय. अशा संगीताला ‘शांत’ म्हणण्यापेक्षा सूर वाजून गेल्यावर जे उरतं त्याबद्दल लिहा. त्याला नेमका शब्द आहे: अनुरणन. दरीत हाक मारल्यावर येतो तो प्रतिध्वनी, तो वेगळा परत येतो. अनुरणन त्याच सुराला चिकटून विरत जातं.

आणि अशा मोजक्या सुरांच्या संगीताला ‘किमानवादी संगीत’ लिहू नका, हात जोडते. किमान म्हटलं की वेतन आणि तापमान आठवतं. सरळ ‘मिनिमल’ लिहा.

जाता जाता: पूर्ण नीरव असं काही नसतंच. अमेरिकन संगीतकार जॉन केज हार्वर्डमधल्या प्रतिध्वनिरहित खोलीत जाऊन बसला, तरी त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक खर्जातला. खर्जातला तुमच्या रक्ताभिसरणाचा, असं त्याला सांगण्यात आलं. ताज्या भुसभुशीत बर्फात जे सुन्न वाटतं, त्यातही आवाज नाहीसा होत नाही. बर्फाच्या कणांमधल्या पोकळ्या तो शोषून घेतात.

जुनी पाटी:
वाटसरू, स्टोव्हवर ठेवलेलं पाणी कुठलं होतं?

वाटसरू:
ओढ्याचं. वर पाऊस झालेला, त्यामुळे चहासारखं गढूळ. बाटली दगडावर ठेवून दिली. बराच वेळ गेला, खाली बोटभर गाळ बसला, मग वरचं हळूच ओतून घेतलं आणि उकळलं. का?

जुनी पाटी:
कारण तुमचा शब्द त्या बाटलीतच आहे. निवळणे. लॅटिनमधला ‘सेरेनुस’, ज्यावरून सिरेनिटी आला, तो मुळात निरभ्र आकाशाबद्दलचा शब्द. मराठीत आभाळ निवळतं, पाणी निवळतं, तणाव निवळतो, चेहराही निवळतो. निवळी नावाचं झाडच आहे, त्याच्या बिया भांड्यात आतून घासल्या की गढूळ पाणी लवकर नितळ होतं. ‘शांत’मध्ये नसलेली एक गोष्ट यात आहे: आधी गढूळ होतं, हे कबूल केलेलं असतं. आणि गाळ गेलेला नसतो, तळाशी बसलेला असतो. बाटली हलवली की पुन्हा वर.

किणकिण:
आणि ‘निव्वळ’ हा निवळचाच ठसक्यात उच्चारलेला भाऊ! मिनिमलला ‘निव्वळ संगीत’ म्हणावं का?

मुद्रितशोधक:
‘निव्वळ गोंगाट’ची इतकी सवय आहे की लोक शिवी समजतील.

वाटसरू:
मग ‘मन निवळलं’ लिहू? की ‘वारा निवांत झाला, मन निवळलं’?

जुनी पाटी:
वारा निवांत होत नाही, वारा पडतो. आणि मनाचं कशाला सांगताय? बाटलीचं सांगा.

वाटसरू:
असं केलं: ‘खिंडीत पोहोचेपर्यंत वारा पडला होता. बाटलीतलं पाणी निवळेपर्यंत मी दगडावर बसून राहिलो. उजेड ओसरत होता, तरी उतरायची घाई वाटली नाही.’ अकरापैकी नऊ ‘शांत’ उडाले. दोन ठेवले, प्रशांत महासागर आणि ‘स्टोव्ह शांत झाला’.

मुद्रितशोधक:
स्टोव्ह विझला. आणि ‘बाटलीतलं’वर अनुस्वार ठेवलात, मग बाकीचं टिपणही तसंच करा. पहिल्या पानावर ‘गढूळ पाणी उकळले’ आहे.